कॅरेक्टर जग घेताना बुडाचा शिक्का शेवटी वाचा

मला येणारे बहुतेक फोटो कॅरेक्टर जगाच्या, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याच्या आकाराच्या इंग्लिश जगाच्या, बुडाचे असतात. ‘रॉयल डोल्टन लिहिलंय, सिंह आहे, मुकुट आहे, घेऊ का?’ शिक्का सहसा खराच असतो. गडबड वर असते. मूठ एकदा तुटून चिकटवलेली, टोपीचा काठ भरून रंगवलेला, नाकाचा शेंडा कुणीतरी घरीच घडवलेला. घेणारा आधी जग उलटा करतो, ओळखीचं नाव दिसलं की हरखतो आणि मग वरचं नीट बघतच नाही. माझेही पहिले चार-पाच असेच आले. त्यातल्या एकात आता पेनं असतात.

हा लेख क्रमासाठी आहे. बोलणार आहे ते इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधल्या हाताने रंगवलेल्या जगांबद्दल, त्यातही मुख्यतः बर्स्लेमच्या रॉयल डोल्टन कारखान्यातून १९३४ पासून निघालेल्यांबद्दल. बाजारात तेच जास्त दिसतात आणि चुकाही त्यांच्यातच जास्त होतात. शब्दांचं एकदा ठरवून घेऊ. नुसतं डोकं-खांदे असलेला तो कॅरेक्टर जग आणि अख्खी बसलेली मूर्ती असेल तो टोबी जग. विकणारे दोघांनाही टोबी म्हणून मोकळे होतात, म्हणून शोधताना दोन्ही नावांनी शोधा. जगाच्या मुठीला मी कपासारखंच ‘कान’ म्हणते. चेहऱ्याचे कान वेगळे, ते फारसे तुटत नाहीत.

१. आधी कपाट मोजा, मग ठरवा

पहिली चूक बाजारात जाण्याच्या आधीच होते. ‘जे आवडेल ते घेऊ’ म्हणून सुरुवात केली की वर्षभरात घरात वीस जग होतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो आणि निम्म्यांना जागा नसते. एक धागा निवडा. एकच आकार, किंवा एक विषय (खलाशी, विदूषक, शिकारी), किंवा एकच पात्र सगळ्या आकारांत.

आकार साधारण चार. मोठा १३ ते १९ सेंटिमीटर उंच, लहान ८ ते १०, मिनिएचर साडेपाच ते साडेसहा आणि टायनी तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी. प्रत्येक पात्र चारही आकारांत निघालं नाही. ओल्ड चार्ली निघाला, सेअरी गॅम्प निघाली. त्यामुळे ‘संच पुरा करायचाय’ म्हणण्याआधी संच मुळात किती जणांचा आहे ते बघा. न निघालेला टायनी शोधत बसणारे मला भेटले आहेत.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माझा सल्ला ‘लहान’ आकाराचा. चेहऱ्याचं काम नीट दिसतं आणि एका फळीवर आठ-दहा मावतात. मोठ्या जगाची उंची सगळे मोजतात, खोली कुणी मोजत नाही. पुढे आलेली टोपी आणि मागे गेलेला कान मिळून तो भिंतीतल्या उथळ कपाटात बसतच नाही.

पिशवीत एवढं असू द्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, फोनची टॉर्च, शिंप्याची टेप, लाकडी टूथपिक आणि नोटा तपासायला वापरतात तशी यूव्ही टॉर्च. ही शेवटची ३६५ नॅनोमीटरची घ्या. स्वस्तातल्या जांभळ्या दिव्यांचा स्वतःचाच उजेड इतका असतो की त्यात काही कळत नाही.

तपासा: आजवर एकही खात्रीचा, न दुरुस्त केलेला जग हातात धरला नसेल तर खरेदी थांबवा. इंग्लंडमध्ये लिलावाआधी माल पाहण्याचा दिवस असतो. तिथे फुकटात पन्नास जग हाताळता येतात, कुणी ‘घेणार का?’ विचारत नाही. भारतात असाल तर ज्याच्याकडे संग्रह आहे त्याच्याकडे चहाला जा आणि अर्धा तास नुसते जग फिरवून बघा. वजन, गारवा, झिलईचा (वरच्या काचेसारख्या थराचा) स्पर्श हे लेख वाचून कळत नाही, या लेखानेही नाही.

२. उचलायची रीत

कानाला धरून उचलू नका. कान चिकटवलेला असेल तर तो तुमच्या हातात येईल आणि ‘तुम्हीच तोडला’ हे वाक्य पाठोपाठ येईल. अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढा. एक हात बुडाखाली, दुसरा जगाच्या पोटाला. टेबलाच्या कडेवर नाही, मध्यावर, खाली रुमाल अंथरून.

आणि आधी विचारा. टिचकी मारू का, दिवा लावून बघू का, असं विचारल्यावर जो विक्रेता कुरकुरतो त्याने तुमचं निम्मं काम केलेलं असतं.

३. अंग तपासा: याच टप्प्यावर वेळ घालवा

इथे घाई करू नका. एका जगाला पाच मिनिटं तरी द्या, आणि क्रम हाच ठेवा.

आवाज. माठ घेताना टिचकी मारतो तशीच मारायची, नखाने, काठाजवळ, जग तळहातावर मोकळा ठेवून. टेबलावर ठेवून किंवा मुठीत आवळून मारली तर चांगला जगही मुका वाटतो. हे जग बहुतेक मातीच्या अंगाचे आहेत, बोन चायनाचे नाहीत, त्यामुळे काचेच्या प्यालासारखा लांब नाद अपेक्षित नाही. छोटा, स्वच्छ ‘टण’ आला पाहिजे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

काठ. डोळे मिटून काठावरून बोटाचं पेर सावकाश फिरवा. डोळा फसतो, बोट क्वचित. खरखर लागली तर तिथे भिंग लावा. टवका दोन प्रकारचा असतो. भट्टीत जाण्यापूर्वीच उडालेला असेल तर त्याच्यावर झिलई वाहिलेली दिसते, कडा गोल असतात. तो जन्मखूण समजा. नंतर उडालेला असेल तर आतली पांढरट माती उघडी पडते, कडा धारदार असते आणि जुना असेल तर त्यात मळ साचलेला असतो. दोन्हींच्या भावात फरक आहे आणि बरेच विक्रेते दुसऱ्याला पहिला म्हणून खपवतात.

कान. कान अंगाला जिथे मिळतो ते दोन्ही सांधे भिंगातून बघा. मूळ सांध्यावरून झिलई सलग वाहिलेली असते. चिकटवलेल्या सांध्यात एक केसाएवढी रेघ फिरते, कधी पिवळसर, कधी रेघेबाहेर आलेला चिकटा टोकरून काढल्याच्या खुणा. आपल्याकडच्या घरांतून निघालेल्या जगांवर अराल्डाइट फार. वर्षांनी ते पिवळं पडतं, त्यामुळे ओळखायला तरी सोपं जातं. हे कान म्हणजे कधी बंदूक, कधी पक्षी, कधी दोरखंड; त्यांचे बारीक अवयव वेगळे मोजा. लाँग जॉन सिल्व्हरचा कान म्हणजे पोपट आहे. अख्खा पोपट जागेवर आहे म्हणून समाधान मानू नका, चोच बघा.

उंचवटे. नाक, हनुवटी, टोपीचं टोक, पीस. जग पडतो तेव्हा आधी हेच टेकतात. खिडकीच्या उजेडात जग सावकाश फिरवा आणि झिलईवर चमकणारी उजेडाची रेघ डोळ्यांनी पकडून ठेवा. ती गालावरून नाकावर सलग सरकली पाहिजे. मध्येच मंद झाली, तुटली, किंवा एखादा भाग उरलेल्यापेक्षा जास्तच तुकतुकीत दिसला, तर तिथे कुणाचा तरी हात फिरला आहे. मला वाटतं सगळ्या उपकरणांत ही रेघच सगळ्यात भरवशाची.

आत. टॉर्च आत सोडा. बाहेरून रंगवून झाकलेला तडा आतल्या पांढऱ्या झिलईवर बहुधा तसाच राहिलेला असतो. दुरुस्त करणारे बाहेर मन लावून काम करतात, आत कंटाळा करतात.

आता यूव्ही. दुकानातल्या लख्ख उजेडात उपयोग नाही, रुमालाचा आडोसा करून अंधार करा. मूळ झिलई सगळीकडे सारखी दिसते. जिथे राळ भरली आहे किंवा वरून रंग दिला आहे तो भाग ठिगळासारखा वेगळा उठतो, कधी दुधी-निळा चमकतो, कधी पिवळट, कधी उलट काळा पडतो. संशयित जागेवर टूथपिकचं टोक हलकेच ओढा. झिलईवर ते निसटतं, रंगावर किंचित अडखळतं. जुने लोक हीच परीक्षा दाताला लावून करतात. चोरबाजारात मी करणार नाही.

सावधान: यूव्हीत काहीच दिसलं नाही म्हणजे जग निर्दोष, असं नाही. चांगले दुरुस्तीकार असे रंग वापरतात जे या उजेडात फसवतात. दिव्याने ‘हो’ म्हटलं तर ऐका, ‘नाही’ म्हटलं तर बोट आणि भिंग पुन्हा फिरवा.

तडा की जाळी? हा प्रश्न इतक्यांदा येतो की वेगळा लिहिते. मातीच्या जगाच्या झिलईला वर्षांनुवर्षांत बारीक रेघांची जाळी पडते. मातीचं अंग ओलावा शोषून किंचित फुगतं, वरची काच ताणली जाते आणि चिरते. ही जाळी नुसत्या झिलईत असते, बऱ्याच भागावर पसरलेली असते आणि नख तिच्यात अडकत नाही. तडा बहुधा एकटा असतो, काठापासून किंवा कानापासून निघतो, आत-बाहेर त्याच जागी दिसतो आणि आवाज बिघडवतो. वर्णनात ‘वयानुसार थोडी जाळी’ असं लिहिलेलं असेल आणि फोटोत एकच लांब रेघ असेल, तर तो तडा आहे.

४. रंग: वेगळा म्हणजे दुर्मीळ नव्हे

हाताने रंगवलेले म्हणजे दोन जग तंतोतंत सारखे नसणारच. एका चार्लीच्या भुवया जाड, दुसऱ्याच्या बारीक. कोट एकात जरा विटकरी, दुसऱ्यात लाल. असा फरक दिसला की लोकांना वाटतं आपल्याला ‘दुर्मीळ रंगाचा’ सापडला. तसं नसतं. ज्या रंगफरकाला संग्राहक मोजतात तो कारखान्याने ठरवून केलेला असतो आणि संग्राहकांच्या सूचीत नोंदलेला असतो. विदूषकाचं उदाहरण घ्या. लालसर केसांचा १९३७ ते १९४२ दरम्यान निघाला, पांढऱ्या केसांचा १९५१ ते १९५५. ओल्ड किंग कोलचा पिवळ्या मुकुटाचा अवतारही असाच, अगदी सुरुवातीच्या थोड्या काळातला.

अर्थात जिथे केसांच्या रंगावर भाव पालटतो तिथे ब्रशला मोह होणारच. म्हणून अशा जगाचा नेमका तोच भाग तपासा: केस, मुकुट, टोपी. रंग झिलईखाली असेल तर बोटाला रंगाची कड लागत नाही, भिंगातून रंगावर काचेचा थर दिसतो. झिलईवर दिलेल्या रंगाला किंचित कड लागते, आणि तो झिजतो, आधी नाकावर आणि कानाच्या पाठीवर. झिलईवरचा रंग असणं हा दोष नाही, काही जग तसेच बनले. पण सगळा रंग झिलईखाली आणि केस तेवढे वर, असं असेल तर जग खाली ठेवा.

‘उन्हाने उडालाय’ हे कारण मानू नका. भट्टीत भाजलेला रंग शोकेसमधल्या उन्हाने उडत नाही. उडतो किंवा पिवळा पडतो तो नंतर लावलेला रंग.

५. आता बूड

इथवर पास झाला तरच जग उलटा करा. पुन्हा दोन्ही हातांनी, टोपीवर नाही तर रुमालावर आडवा.

नाव आणि डी-क्रमांक. बहुतेक जगांवर पात्राचं नाव आणि ‘डी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. हा नमुन्याचा क्रमांक, त्या एका नगाचा नव्हे. आकार बदलला की क्रमांक बदलतो. जॉन बार्लीकॉर्न हा १९३४ सालचा पहिला जग. मोठ्याचा डी ५३२७, लहानाचा डी ५७३५, मिनिएचरचा डी ६०४१. क्रमांक मोठ्याचा आणि उंची लहानाची असेल तर काहीतरी चुकलं आहे. जुन्या जगांवर क्रमांक नसेल तर त्यावरून लगेच खोटा ठरवू नका.

कॉपीराइटचं साल. सगळ्यात महाग पडणारी चूक ही. शिक्क्यात १९५९ छापलंय म्हणजे जग १९५९ चा, असं धरून लोक भाव देतात. ते साल नमुन्याच्या हक्काचं. तोच शिक्का पुढे नमुना चालू असेपर्यंत लागत राहतो. मोठा फॉल्स्टाफ १९५० मध्ये आला आणि १९९५ पर्यंत निघत होता. बुडावरचं साल बघून त्यातला पहिला आणि शेवटचा वेगळा सांगता येणार नाही.

सिंह-मुकुटाच्या उजवीकडचा बारीक आकडा. असेल तर हा खरा कामाचा. त्यात १९२७ मिळवा, बनवल्याचं साल मिळतं. १३ असेल तर १९४०. तो फक्त जुन्या जगांवर सापडतो, आणि पुसट असतो, भिंग हवंच.

शिक्क्याजवळचं ‘ए’ अक्षर. हा दर्जा नाही! ‘ए ग्रेड’ म्हणून जास्त पैसे मागणारा विक्रेता मला लंडनमध्ये भेटलाय आणि पुण्याच्या जुन्या बाजारातही. साधारण १९३९ ते १९५५ या काळातल्या जगांवर ते अक्षर दिसतं, म्हणून काळ ठरवायला उपयोगी. तेवढंच.

नोंदणीचे तीन-चार क्रमांक. एकाखाली एक असे आकडे पाहून काहींना संशय येतो. वेगवेगळ्या देशांतल्या नोंदण्यांचे ते क्रमांक आहेत, घाबरू नका.

शिक्क्यावरून गेलेला ओरखडा. झिलई कापत गेलेली सरळ रेघ किंवा घासलेला ठिपका दिसला तर तो कारखान्याने दुय्यम ठरवलेला माल आहे. दोष लहान असेल, तुम्हाला सापडणारही नाही. घ्यायला हरकत नाही, भाव मात्र दुय्यमाचा द्या. हा ओरखडा पांढऱ्या रंगाने बुजवलेला मी पाहिलाय, म्हणून बुडावरही यूव्ही मारा.

‘मेड इन इंग्लंड’. बर्स्लेमचा नाइल स्ट्रीटचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला. इंग्लंडमध्ये बनलेलाच हवा असेल तर नुसत्या कंपनीच्या नावावर थांबू नका, हे शब्द वाचा. हाताने काढलेली एखाद-दोन अक्षरं किंवा ठिपके रंगवणाऱ्याची खूण असतात. तीही बघून ठेवा, त्यामुळे भाव वाढत नाही.

बूड कोरं असेल तर? डोल्टन समजू नका. बेसविक, सिल्व्हॅक, बर्ली या दुसऱ्या इंग्लिश कंपन्यांचेही जग आहेत, त्यातले काही मला डोल्टनपेक्षा जास्त आवडतात. पण मुंबईत मटन स्ट्रीटवर कोऱ्या बुडाचा ‘जुना इंग्लिश’ म्हणून जो दाखवतात तो बऱ्याचदा जपानी असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून असे मुखवट्यांचे छोटे जग ढिगाने निघाले. अंग हलकं, माती पांढरीशुभ्र, रंग वरवर फासलेला, डोळे ठोकळेबाज. बुडावर काही खरवडलं आहे का तेही बघा.

तपासा: टेपने उंची घ्या आणि सूचीतल्या उंचीशी ताडा. तयार जगावरून साचा काढून नक्कल केली की ती मुळापेक्षा लहान होते, कारण नवी माती वाळताना आणि भाजताना पुन्हा आक्रसते. शिवाय सुरकुत्या, केस, बटणं बोथट होतात.

६. मोठ्या नावापाशी थांबा

काही जग असे आहेत की नाव ऐकूनच हात थरथरतो. चर्चिलचा १९४० चा पांढरा, दोन कानांचा जग. इंग्लिश दर्यावर्दी ड्रेकचा, टोपी नसलेला जग. हे तुम्हाला जुन्या बाजारात तीनशे रुपयांना मिळणार नाहीत असं नाही, पण तसं होताना दिसलं तर तिसरा टप्पा पुन्हा पहिल्यापासून करा आणि जाणत्याला विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

उलट एक सोपी, हमखास फसगत म्हणजे कान न बघणं. मोठ्या सांताक्लॉजचा चेहरा तोच, पण कान १९८१ मध्ये बाहुली आणि ढोलाचा, १९८२ मध्ये रेनडिअरचा, १९८३ मध्ये खेळण्यांच्या पोत्याचा आणि त्यानंतर साधा लाल. ‘माझ्याकडे आहे’ म्हणून सोडलेला दुसराच निघतो, आणि नाही म्हणून घेतलेला घरात आधीच असतो. फोटोवरून घेताना कानाचा फोटो मागून घ्या.

७. भाव: हातोडा पडला तो आकडा तुमचा नाही

इंग्लंडमधल्या लिलावात ऑनलाइन बोली लावणाऱ्या भारतातल्या मंडळींचा हिशेब इथे हमखास चुकतो. उदाहरणच मांडते. हातोडा ४० पौंडांवर पडला. खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के धरा, १० पौंड. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, २ पौंड. ऑनलाइन मंचाची फी ५ टक्के म्हणजे २ पौंड, तिच्यावर व्हॅट ४० पेन्स. झाले ५४.४०. बांधणी आणि इंग्लंडातल्याच पत्त्यावर पाठवणी १५. चाळीसचा जग ६९.४० ला पडला. टक्केवारी लिलावघरागणिक बदलते, म्हणून बोली लावण्याआधी अटींचं पान वाचा आणि उलटा हिशेब करा: मला एकूण ५० खर्चायचेत, तर बोली कितीवर थांबवायची?

भारतात पार्सल मागवलं तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी पुढे आहेतच, सीमाशुल्क माल, वाहतूक, विमा मिळून होणाऱ्या किमतीवर लागतं, आणि आयजीएसटी त्यात ते शुल्कही मिळवून. ‘शंभर वर्षांपूर्वीची पुराणवस्तू’ म्हणून सवलत मिळेल हा गैरसमज. पहिला जगच १९३४ चा आहे, २०३४ पर्यंत तो प्रश्न येत नाही.

लिलावघराला लेखी विचारा: ‘दुरुस्ती, पुन्हा दिलेला रंग, तडे, टवके आहेत का?’ नुसतं ‘स्थिती कशी आहे?’ विचारलंत तर ‘चांगली’ असं उत्तर येतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत मन बदलायचा हक्क आहे. जिथे लोकांना प्रत्यक्ष हजर राहता येतं अशा लिलावात तो नाही, आणि खासगी माणसाकडून घेतलं तरीही नाही.

साधे, मोठ्या संख्येने निघालेले जग आता महाग नाहीत. जुन्या भावपुस्तकातला आकडा दाखवून कोणी दर सांगत असेल तर हसा आणि पुढच्या टेबलाकडे जा. झालेल्या विक्रीचे भाव बघायचे, मागितलेले नाहीत.

८. घरी आणणं

जग फुटतात ते बाजारात नाही, खोक्यात. आधी पोकळी भरा: जगाच्या आत आणि कान-अंगामधल्या फटीत मऊ टिश्यू पेपरचे बोळे, सैलसर. दाबून भरलेत तर तोच बोळा कान तोडतो. मग सगळ्यावर टिश्यू, त्यावर बबल रॅप. थेट झिलईवर बबल रॅप लावून महिनोन्‌महिने ठेवू नका, विशेषतः दमट हवेत. गोल डाग उमटतात. छोटं खोकं, ते मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण. हलवून बघा. आवाज आला तर उघडा आणि पुन्हा बांधा.

छोटा जग मोठ्याच्या पोटात घालून जागा वाचवायची नाही. दोघांचे काठ जातात.

सावधान: बऱ्याच कुरिअरच्या नियमांत चिनीमाती आणि काच नुकसानभरपाईतून वगळलेली असते. विम्याचे पैसे भरूनही. आधी यादी वाचा. इंग्लंडहून येणारं कुणी ओळखीचं असेल तर केबिनच्या पिशवीत, बिलासकट.

९. धुणं: एकदाच, आणि बेतानं

आणल्या आणल्या नळाखाली धरू नका. स्टीलचं सिंक आणि ओला जग ही जोडी वाईट. प्लास्टिकचं घमेलं, त्यात टॉवेल, कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. एका वेळी एकच जग. पुसा, मग दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळू द्या.

जाळी पडलेला किंवा टवका उडालेला जग पाण्यात बुडवूच नका. उघड्या जागेतून मातीत पाणी शिरतं आणि सोबत मळही, मग आतून तपकिरी डाग येतात. त्याला ओल्या कापडाने पुसा. चिकटवलेला कान असेल तरीही तसंच, गरम पाण्यात तो सुटतो.

ब्लीच नको. डाग जाईल, पण क्षार मातीत राहतात, वाळताना फुलतात आणि झिलईला उचकटून काढतात. आम्ल, चिंच, पितांबरी, खसखशीत स्क्रबर, डिशवॉशर, यातलं काहीही नको. किमतीची चिठ्ठी नखाने ओढू नका. खोबरेल तेलाचं बोट लावून दहा मिनिटं सोडा.

आणि त्यातून पाणी, ताक काही पिऊ नका. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं. माझ्या आईने पहिला जग पाहून विचारलं होतं, ‘मग पाणी कशातून वाढायचं?’ प्रश्न रास्त होता.

१०. मांडणी आणि वही

काचेचं बंद कपाट, उघडी फळी नको. धूळ कमी, म्हणजे पुसणं कमी, म्हणजे पडणं कमी. रस्त्याकडेच्या इमारतीत जड वाहनांनी फळी थरथरते आणि जग रोज केसभर पुढे सरकतो. बुडाखाली पातळ फेल्टची चकती ठेवा किंवा फळीला किंचित खडबडीत कापड घाला. जगाला डिंक लावू नका. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या हव्यात, जाळीतल्या रेघांत बुरशीचे काळे ठिपके धरतात. दिवाळीची साफसफाई दुसऱ्या कुणावर सोपवायची असेल तर हे कपाट त्यातून वगळा.

नोंद त्याच दिवशी करा. पात्र, आकार, मोजलेली उंची, डी-क्रमांक, शिक्क्यातला बारीक आकडा, कुठून, कधी, सगळा खर्च धरून कितीला. दोष प्रामाणिकपणे लिहा, ‘टोपीच्या डाव्या काठावर ३ मिलिमीटर टवका’ असे. सहा फोटो काढा: चारही बाजू, आतून, बूड. बूड सगळ्यात शेवटी. क्रमांक बुडावर मार्करने लिहू नका, मातीच्या उघड्या कडेत शाई मुरते. पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि ती जगाच्या आत टाका.